प्लेटांची पूजा

काळूरामशेठच्या केंद्रात वेल्डिंग शिकवतात असं ज्याने कोणी मुरबाडभर सांगितलं, त्याला एकदा धरून आमच्या शेडमध्ये उभा करायला हवा. तिथे वेल्डिंग कमी आणि घासणंच जास्त होतं. मी सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावातून पहिली जीप पकडायची, अर्धी आत अर्धी बाहेर बसून मुरबाड गाठायचं, आणि कशासाठी, तर लोखंडाच्या प्लेटा घासण्यासाठी. घरी जावेची भांडी, इथे शेखर सरांच्या प्लेटा. भांड्यांना राख लागायची आणि प्लेटांना ग्राइंडर, एवढाच काय तो विकास झाला होता.

शेड म्हणजे शेठची जुनी भातगिरणी. गिरणी बंद पडली. मग शेठनी तिथे कोंबड्या पाळून पाहिल्या, त्या मेल्या. मग तिथे कौशल्य विकास आला. वाशांवर गिरणीच्या काळातला कोंडा अजून तसाच साचलेला होता. वारा सुटला की तो भुरुभुरु खाली यायचा आणि सर ओरडायचे, "झाका रे प्लेटा, झाका!" आम्ही अंगावर ओढणी घ्यायच्या आधी प्लेटांवर कागद टाकायला शिकलो.

शेखर सर शहापूरचे. बरीच वर्षं आखातात पाइप जोडून आलेले, त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य 'दुबईला आमी' पासून सुरू व्हायचं. पण एक गोष्ट त्यांनी आमच्या डोक्यात पक्की बसवली. "काडीच्या साध्या वेल्डिंगला गंज चालतो, रंग चालतो, सासू पन चालते," ते म्हणायचे. "टिगला काय चालत नाय. टिगला लोखंड पायजे आनि फक्त लोखंड पायजे."

टिग म्हणजे असं की एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात बारीक तार, आणि जोडावर गॅसचं पांघरूण. त्या पांघरुणाखाली लोखंड वितळतं आणि त्याचं एक छोटंसं चकचकीत तळं होतं. ते तळं शांत हवं. खाली जरा जरी घाण असली तरी ते तडतडतं, उकळतं, आणि जोडात भोकंच भोकं पडतात. घावनाला जाळी पडली तर बाई हुशार. जोडाला पडली तर कंपनी दारातूनच परत पाठवते.

म्हणून घासणं. नव्या पत्र्यावर भट्टीतली काळी साल असते, ती पांढरं लोखंड दिसेपर्यंत काढायची. वरून काढायची, खालून काढायची, कडेची काढायची. मग पांढऱ्या फडक्यावर अ‍ॅसिटोन घेऊन पुसायचं, फडकं काळं झालं की नवं घ्यायचं, ते पांढरं राहीपर्यंत पुसत राहायचं. तारसुद्धा पुसायची. आणि एकदा पुसलं की उघडा हात लावायचा नाही, कारण माणसाच्या बोटाला तेल असतं. अ‍ॅसिटोनचा वास नेलपॉलिश काढायच्या बाटलीसारखाच येतो. माझ्या कुणालीने पहिल्याच दिवशी मला हुंगलं आणि विचारलं, "आई, तू पार्लरमदी जातेस?"

आमच्यात दिपेश म्हणून एक होता, शेठचा पुतण्या. त्याने वेल्डिंगची काच डोक्यावर चढवून फोटो काढले, गाणं लावून व्हिडिओ टाकले, आणि हे सगळं हातात टॉर्च धरायच्या आधी. केसांना इतकं काही चोपडलेलं असायचं की डोकं उन्हात चमकायचं. प्लेट पुसून झाली की हा केसांवरून हात फिरवणार आणि त्याच हाताने प्लेट उचलणार. सर कपाळाला हात लावायचे. "दिपेश, तुज्या प्लेटेवर भजी तळू का रे?" म्हणायचे. दिपेश हसायचा. शेठचा पुतण्या असलं की हसून भागतं.

मला तसं भागण्यासारखं नव्हतं. माझी तिथली जागाच उपकाराची होती. झालं असं की आमच्या पंचायतीने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. काळूरामशेठ तेव्हा पुढारपण करत होते. त्यांनी निळ्या अक्षरांत मोठा बोर्ड रंगवून घेतला, 'आमच्याकडे विधवा प्रथा पाळली जात नाही', आणि बोर्डाशेजारी फोटोसाठी एक विधवा हवी म्हणून मला बोलावणं धाडलं. मी उभी राहिले. मग केंद्र निघालं तेव्हा शेठनी जाहीर केलं की एक जागा विधवा भगिनीसाठी राखीव. पुन्हा फोटो, पुन्हा मी. बोर्डाच्या कोपऱ्यात आमचा फोटो चिकटवला आणि तो उचलून आणून केंद्राच्या दारात लावला, कारण गावापेक्षा इथे जास्त लोक बघतात.

मी हसतमुखाने सगळे फोटो काढून घेतले, कारण मला ती जागा हवी होती. नवरा काविळीने गेला तेव्हा कुणाली चालायलाही लागली नव्हती. तेव्हापासून मी दिराच्या घरात आहे. दीर वाईट नाही. पण दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या बाईने चहा किती साखरेचा प्यावा हेसुद्धा दुसरं कोणीतरी ठरवतं. कुणाली पडवीत शेळीच्या बाजूला बसून अभ्यास करते आणि शेळी तिची पानं खाते. एमआयडीसीतल्या एका कंपनीत दुधाच्या टाक्या बनतात, तिथली माणसं आमची परीक्षा घ्यायला येणार होती. जो पास होईल त्याला थेट काम. माझं ठरलं होतं, पास व्हायचं, मुरबाडला खोली घ्यायची, पोरीला इथल्या शाळेत घालायचं. दिरानेही आपलं ठरवलं होतं. "ही परीक्षा झाली का बास कर, वयनी," तो म्हणाला होता. "शेतावर मानूस नाय." म्हणजे संधी एकच.

परीक्षेच्या आदल्या दिवशी आम्ही दिवसभर प्लेटा घासल्या. प्रत्येकाला दोन, जोडायच्या कडा समोरासमोर. माझ्या दोन प्लेटांत मला माझा चेहरा दिसत होता, जरा पसरट, पण दिसत होता. सरांनी स्वतः सगळ्यांच्या प्लेटा कोऱ्या कागदात गुंडाळल्या, वर नावं लिहिली आणि कपाटात कुलूपबंद केल्या. जाताना म्हणाले, "उद्या डायरेक जोडायचंच. कोनी हात लावायचा नाय."

सकाळी आले तर कपाट उघडं आणि प्लेटा टेबलावर. टेबलावर नवरात्र मंडळाचं लाल मखमली कापड, मागे म्हसा गावच्या जत्रेतून आणलेला देवाचा मोठा फोटो, पुढे रांगोळी, समई, नारळ. आणि मध्ये आमच्या प्लेटा, कागद सोडून, जोडीजोडीने मांडलेल्या. नाव कळावं म्हणून ज्याचा त्याचा कागद जोडीच्या खालच्या बाजूला ठेवला होता. काळूरामशेठ पांढऱ्या कडक कपड्यांत उभे होते. परीक्षेला शुभ सुरुवात नको का, असं त्यांचं म्हणणं.

सर घाबरत पुढे झाले. "शेठ, पूजा मशीनची करा ना. प्लेटा नको."

"मशीन काय पास व्हनार हाय?" शेठ म्हणाले. "पोरं पास व्हायचीत. पोरांच्या प्लेटांची पूजा."

याला दुबईतही उत्तर नसावं. सर मागे सरकले. त्यांचा पुढच्या बॅचचा करार अजून शेठच्या सहीवाचून पडला होता, ते मला माहीत होतं, त्यामुळे मी त्यांना फारशी नावं ठेवत नाही. थोडी ठेवते.

शेठच्या बायकोने, वत्सलाकाकूने, करंडा उघडला. काकू कामाला पक्की. कोरडं कुंकू लोखंडावरून गळून जाईल म्हणून तिने ते घरूनच खोबरेल तेलात कालवून आणलं होतं. पहिल्या जोडीवर तिने बोट टेकवलं, बरोबर मध्यावर, जिथे दोन कडा एकमेकींना भिडतात तिथे. म्हणजे जिथे जोडायचं, नेमकं तिथेच. मग हळद. मग झेंडूची पाकळी. मग दुसरी जोडी. सरांनी डोळे मिटले. लोकांना वाटलं, काय तो भक्तिभाव.

दिपेशची जोडी झाली, आमच्या बॅचमधल्या सोनालीची झाली. मग काकू माझ्या प्लेटांपाशी आली. खालचं नाव वाचलं आणि तिचं बोट वरच्या वर थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि गोड हसली.

"तुजं राहू दे गो, रेश्मा," ती हळूच म्हणाली. "उगाच तुला मनाला लागंल."

आणि पुढच्या जोडीला गेली.

सोनाली रांगोळीकडे बघायला लागली. शेठना फोनमध्ये काहीतरी महत्त्वाचं सापडलं. सगळे अगदी सभ्यपणे वागले. मला राग आला, कानशिलं तापली. लग्नात 'तुजं राहू दे', बारशाला 'तुजं राहू दे', संक्रांतीला दारातूनच 'तुजं राहू दे गो, वाण घरी पाठवते'. इतकी वर्षं हे ऐकून घेतलं, आणि आता माझ्या लोखंडाचाही नवरा गेला होता!

"काकू!" मी म्हटलं. जरा मोठ्यानेच.

काकू वळली. सगळे वळले. 'माझ्या प्लेटांना लाव, आत्ता लाव, बोर्ड वाचून लाव' हे माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात मला सर दिसले. ते शेठच्या पाठीमागून मान हलवत होते, नको, नको, असं, आणि त्यांचा चेहरा रडवेला झाला होता. मग मी टेबलाकडे पाहिलं. सगळ्यांच्या प्लेटांवर लाल तेलकट ओघळ उतरत होते. माझ्या दोन प्लेटा पांढऱ्याशुभ्र, काल पुसल्या तशाच.

माझा राग खरा होता. पण भांडण संध्याकाळीही करता येतं.

"माज्या प्लेटांवर फूल पन नको ठेवू," मी म्हटलं.

काकूचा जीव भांड्यात पडला. "नाय नाय, नाय ठेवत," ती म्हणाली, आणि शेजारणीला, मला ऐकू येईल अशा बेताने, "समजूतदार हाय बिचारी."

मग शेठनी नारळ फोडला आणि पाणी सगळ्या टेबलावर शिंपडलं. मी त्याआधी पुढे होऊन माझा कागद माझ्या प्लेटांवर टाकला. कोणी अडवलं नाही. विधवेने आपल्या वस्तू झाकून घेतल्या की लोकांना बरंच वाटतं.

पूजा संपली तशी सरांनी शेवटचा प्रयत्न केला. अ‍ॅसिटोनची बाटली पुढे केली. "चला, पटापट पुसून घ्या प्लेटा."

शेठ कडाडले. "सर! कुंकू पुसता? शुभ दिवशी? असलं अभद्र माज्या केंद्रात चालनार नाय. शुभ दिवशी कुंकू पुसत नायत!"

खलास. त्यानंतर बाटलीला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. सोनालीला तिच्या आईची भीती, बाकीच्यांना देवाची. दिपेशने तेवढं टेबलाखाली धरून शर्टाच्या बाहीने पुसल्यासारखं केलं, त्यामुळे मध्यावर होतं ते तेल नीट सगळीकडे पसरलं.

कंपनीच्या मॅडम आल्या. साऊथकडच्या, करड्या केसांच्या, पायात सेफ्टी बूट. शेठनी पुष्पगुच्छ दिला तो त्यांनी ग्राइंडरवर ठेवला आणि म्हणाल्या, "शुरू करो."

पहिला मान पुतण्याचा. दिपेशने काच डोळ्यांवर पाडली आणि टॉर्च पेटवली. तड. तड तड. धूर निघाला, खोबरेल जळाल्याचा वास शेडभर सुटला, ठिणग्या उडाल्या. तळं शांत राहायचं सोडून चुलीवरच्या दुधासारखं वर येत होतं. दिपेशने घाबरून टॉर्च टेकवली आणि तिच्या टोकाची सुई लोखंडात रुतली. मॅडमनी थंड झालेला जोड शिकंज्यात धरून एक हातोडी मारली. तो सरळ दुभंगला. आत काळी काळी भोकं. मॅडमनी ते बघितलं, वास घेतला, आणि बाजूला ठेवलं.

सोनालीचा हात आमच्या सगळ्यांत चांगला. तिचाही जोड तसाच तडतडला आणि तसाच तुटला. ती पोर रडायला लागली. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. तुकड्यांचा ढीग होत गेला आणि शेठ प्रत्येक तुकड्यानंतर देवाच्या फोटोकडे अशा नजरेने बघू लागले की त्यानेच कामचुकारपणा केला असावा.

मग माझं नाव पुकारलं. कुणाली, ती शेळी, दिराचं 'बास कर', सगळं एकदम आठवलं. हातमोजे चढवले, कागद काढला, कडा आणि तार पुन्हा एकदा पुसून घेतल्या; माझ्याकडे पुसायला कुंकूच नव्हतं. टॉर्च पेटवली. आवाज नाही. नुसती बारीक सूं. काचेतून ते तळं दिसलं, गोल, चकचकीत, गप्प. तार टेकवली की ती विरघळत होती आणि तळं एक पाऊल पुढे सरकत होतं. माझी रेघ जरा वाकडी गेली, शेवटाला जाडी झाली. पण भोक एकही नाही.

मॅडमनी हातोडी मारली. जोड वाकला. परत मारली. आणखी वाकला. तुटला नाही. त्यांनी मान डोलावली आणि मग त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं. त्या टेबलाकडे गेल्या, राहिलेल्या प्लेटा पाहिल्या, मखमलीवरचे लाल डाग पाहिले, आणि माझ्याकडे वळल्या.

"सबको ये लाल लगाया है," त्या म्हणाल्या. "इनको क्यों नहीं लगाया?"

शेठनी घसा साफ केला. "ते... गडबडीत राहिलं असंल."

"इसरले मी," वत्सलाकाकू म्हणाली.

"इसरली नाय," मी म्हटलं. मग मॅडमना कळावं म्हणून हिंदीत सांगितलं, "मैं विधवा हूँ, मॅडम. विधवा की चीज को कुंकू नहीं लगाते."

मॅडमनी दाराकडे पाहिलं. बोर्ड तिथेच होता, निळ्या अक्षरांत. त्यांना तो वाचता आला की नाही कोण जाणे, पण कोपऱ्यातला माझा आणि शेठचा फोटो नक्की दिसला असणार. त्या हसल्या नाहीत, हळहळल्याही नाहीत. मला म्हणाल्या, "आप सोमवार से आ जाओ." आणि बाकीच्यांना म्हणाल्या, "दोपहर को फिर से लूँगी. सब लोग प्लेट इनके जैसा रखो."

सगळ्यांच्या प्लेटा विधवेसारख्या ठेवा, असा हुकूम काळूरामशेठच्या केंद्रात प्रथमच सुटला. मला इतकं हसू आलं की मी तोंडाला हातमोजा लावला.

दुपारी जेवण सोडून सगळे नव्या प्लेटा घासत होते. मीसुद्धा सोनालीच्या प्लेटा घासायला बसले. दिपेशने चक्क डोक्याला फडकं बांधलं होतं. सर ओरडत होते, पुसत होते, सगळ्यांना शिव्या देत होते, आणि सकाळपेक्षा दहा वर्षांनी तरुण दिसत होते. मॅडम यायच्या वेळेला टेबलावरची मखमल गेली होती आणि पांढऱ्या कागदावर चकचकीत प्लेटा ओळीने लागल्या होत्या.

आणि काळूरामशेठ परत आले. जेवून, वामकुक्षी घेऊन, नवा विचार घेऊन. मागे फोटोवाला, आणि त्याच्या मागे पूजेचं ताट घेतलेली वत्सलाकाकू, तोंड आंबट.

"मी काय म्हनतो," शेठ म्हणाले, "रेश्माच्या हाताला गुन हाय. देवानंच दाखवून दिलं. आता पूजा तिच्याच हातनं."

म्हणजे सकाळी मी अपशकुनी होते आणि दुपारी शुभ झाले, आणि मधल्या वेळात माणूस व्हायचं राहूनच गेलं. काकूने ताट माझ्यापुढे धरलं. तेच खोबरेलात कालवलेलं कुंकू. फोटोवाल्याने फोन उभा धरला आणि शेठ त्याच्याकडे बघून बोलायला लागले, "आमच्या केंद्रात आमी असला भेदभाव मानत नाय. विधवा भगिनीच्या हस्ते आज..."

"ताई, नको गो," सोनाली माझ्या कानाशी पुटपुटली. "आता परत घासायला टाइम नाय." सगळी पोरं माझ्याकडे बघत होती, दिपेशसुद्धा हात जोडून. सरांनी तर पुन्हा डोळे मिटले होते.

मी हातमोजे काढले. करंड्यात बोटं घातली, एक नाही, चांगली तीन. इतक्या वर्षांनी कुंकवाला हात लावला, पण मला काही भरून वगैरे आलं नाही. बोटं तेलकट झाली, एवढंच. प्लेटांकडे एक पाऊल टाकलं आणि मग वळले.

"आदी मान अध्यक्षांचा," मी म्हटलं, आणि काळूरामशेठच्या कपाळावर भुवयांपासून केसांपर्यंत कुंकू ओढलं. उरलेलं पुन्हा वरून लावलं. मग अजून थोडं होतं, तेही लावलं.

"अगो बाय माजे!" काकूच्या तोंडून निघून गेलं. फोटोवाल्याने ते आवाजासकट टिपलं. शेठचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. त्यांचा हात आपोआप खिशातल्या रुमालाकडे गेला.

"शेठ," मी म्हटलं, "शुभ दिवशी कुंकू पुसत नायत."

हात खिशातच राहिला. दारातून मॅडम आत येत होत्या, फोन अजून चालू होता आणि मागे बोर्ड दिसत होता. शेठ खुर्चीवर बसले ते परीक्षा संपेपर्यंत तसेच बसून राहिले. शेडमध्ये उकाडा होता, तेल पातळ होऊन नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरलं, तरी त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही. मी ताट काकूच्या हातात परत दिलं आणि अ‍ॅसिटोनने माझी बोटं स्वच्छ पुसली. पोरांनी तोवर हातमोजे चढवून प्लेटा पुन्हा एकदा पुसून घेतल्या होत्या.